करंगळीची खोटी साक्ष

नाटक कंपनीत कोणाच्या डोक्यावरचे किती केस खरे, हे फक्त दोघांना ठाऊक असतं. एक तो नट स्वतः आणि दुसरी केसमावशी. नट कधीतरी गप्पांच्या ओघात बोलून जातो. केसमावशी कधीच बोलली नाही. राजे, राण्या, चोर, न्यायाधीश आणि एकदा तर बोलणारा सिंह, इतक्यांची डोकी तिनं भरली, पण एकाचंही टक्कल तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही. तिला लग्नाआधीचं नाव होतं, लग्नानंतरचंही होतं, पण कंपनीत ती आली त्या पहिल्याच हंगामात कुणीतरी तिला केसमावशी म्हणालं आणि मग घरची माणसंसुद्धा तसंच म्हणू लागली.

तिची खोली थिएटरच्या जिन्याखाली होती. छत उतरतं, दाराची चौकट बुटकी. "माझ्या दारात भले भले वाकून येतात," असं ती ऐटीत सांगायची आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण जो वाकायचा नाही त्याच्या कपाळाला टेंगूळ यायचं. आत फळीवर लाकडी डोकी ओळीनं मांडलेली असत. नवा नट आत आला की आधी दचकायचा, मग हसायचा, मग हळूच विचारायचा, "मावशी, माझं कुठलं?"

काम असं. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणून बसवायची. माशाच्या गळासारखी, पण सुईएवढी आकडी जाळीच्या भोकातून घालायची, एक केस उचलायचा, त्याची गाठ मारायची आणि केसाचं टोक उजव्या करंगळीला गुंडाळून टचकन ओढायचं. गाठ बसली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, कारण जाळीचा रंग केसाचाच असतो. ते अंगठा आणि पहिलं बोट सांगतात. बोट गाठीवरून फिरलं, "बसली" म्हणालं, की पुढचा केस. असे हजारो केस. एका विगला महिना तरी जातो. ओढून ओढून तिच्या करंगळीवर खाच पडली होती आणि कातडं जोड्याच्या तळासारखं राठ झालं होतं. त्या बोटात टाचणी टोचून ती नव्या नटांना घाबरवायची. "बघा, रक्त नाही, दुखत नाही, मी माणूसच नव्हे!"

त्या वर्षी हात बिघडला. आधी पहाटे मुंग्या येऊन जाग यायची. मग हात झटकला की बरं वाटायचं. मग कप हातातून सुटायला लागला, साडीची पिन लागेना, भाजी चिरताना सुरी कुठे धरलीय हे बघावं लागायला लागलं. तिचा नवरा पूर्वी कंपनीत पडदा ओढायचा, आता निवृत्त झालेला. तो म्हणाला, "अगं, डॉक्टरकडे चल."

"कामाचा हात आहे, कुरकुरणारच."

"कुरकुर वेगळी आणि संप वेगळा."

शेवटी दोघं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भला माणूस, सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बघणारा. त्यांनी विचारलं, "कोणकोणती बोटं बधिर होतात?"

केसमावशीनं पंजा पसरून दाखवला. "पाची."

"करंगळीसुद्धा?"

"अहो, तीच तर सगळ्यात जास्त."

डॉक्टरांनी मान हलवली. पाची बोटं म्हणजे बिघाड वर, मानेत असू शकतो, असं ते म्हणाले. मानेचा फोटो काढला. फोटोत मणके झिजलेले दिसले. त्या वयात कुणाचे दिसणार नाहीत? गळ्यात पट्टा आला आणि मानेचे व्यायाम आले. पट्टा घालून ती पहिल्या दिवशी कंपनीत आली, तेव्हा खलनायकाचं काम करणारे काका तिला वाकून नमस्कार करत म्हणाले, "महाराणी, आज्ञा!" हे काका रंगमंचावर लोकांचे गळे आवळायचे आणि खाली आल्यावर सगळ्यांना पाणी हवं का म्हणून विचारत फिरायचे. केसमावशीला मान वळवता येईना, म्हणून ती सगळ्या अंगानिशी वळून हसली.

तीन महिने मान बांधून ठेवली. हाताला फरक शून्य. मध्येच जाऊबाई आल्या. त्यांच्या शेजारणीचा हात असाच झाला होता आणि मनगटाच्या पट्ट्यानं बरा झाला होता. त्यांनी दुकानातून तसाच पट्टा आणून दिला, आत धातूची पट्टी असलेला. केसमावशीनं विचार केला, काम करताना हात सांभाळायला हवा, तर तो दिवसा घालू. दिवसभर पट्टा बांधून ती विणायची. मनगट वळेना, म्हणून कोपरापासून, खांद्यापासून हात फिरवायची. संध्याकाळी पट्टा काढून झोपायची आणि पहाटे पुन्हा मुंग्या.

"गळ्यात एक, हातात एक," नवरा म्हणाला. "आता कमरेला एक बांधला की तुला पोत्यात घालून स्टेशनवर पाठवता येईल."

"थट्टा पुरे. मला सांगा, याचा उपयोग होतोय की नाही?"

"मला काय विचारतेस? मी पडदेवाला माणूस. वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली."

तेव्हा तिच्या हातात नव्या नाटकातल्या नायिकेचा विग होता. लांब, काळा, कपाळापाशी विरळ आणि मागे दाट. तिसऱ्या अंकात काका नायिकेला केसांना धरून उजेडाकडे ओढतात आणि दरडावतात, "आता बोल!" त्या क्षणासाठी मागची बाजू केसमावशीनं मुद्दाम दुप्पट भरली होती. बोट प्रत्येक गाठीवरून फिरत होतं. बोट "बसली" म्हणत होतं.

पाचव्या प्रयोगाला काकांनी केस धरले, ओढले, आणि मूठभर केस त्यांच्या हातात आले.

काका तिथेच थिजले. आयुष्यभर खून केलेला माणूस, पण हातातले केस बघून त्यांचा चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा झाला. प्रेक्षकांत मागे कोणीतरी खुदकन हसलं. नायिका मात्र पक्की होती. तिनं झटकन मान वर केली आणि खड्या आवाजात म्हणाली, "घे! तेवढेच घे! बाकीची मी तुझ्या हाती लागायची नाही!" टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, नाटकातच आहे.

विंगेत केसमावशी उभी होती. अंक संपल्यावर तिनं काकांच्या मुठीतून ते केस मागून घेतले आणि खोलीत जाऊन दिव्याखाली एकेक पाहिला. सुटलेल्या गाठीच्या केसाला बारीक वेटोळं राहतं. या केसांना वेटोळं नव्हतंच. म्हणजे गाठ सुटली नव्हती, ती कधी बसलीच नव्हती. बोट महिनाभर नुसत्या सवयीनं हो म्हणत आलं होतं.

त्या रात्रीपासून तिला एकच प्रश्न पडला. बोटाला गाठ कळत नसेल, तर केसमावशी कोण? मावशी उरते, केस उरत नाहीत.

नायिकेनंच हाताच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. नवरा सोबत गेला. बाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि केसमावशीनं तेच उत्तर दिलं.

"पाची. करंगळी तर मेलेलीच आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "आणि बाकीची बोटं?"

"ती या वर्षात."

बाईंनी तिचा हात दिव्याखाली धरला. खाच पाहिली, कातडं दाबलं. मग तिला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा करंगळीच्या कडेवरून, जिथे कातडं मऊ होतं तिथून, हळूच फिरवला. "आता कळतंय?"

"अगं बाई! हो."

"इथे?" बोळा पहिल्या बोटावर गेला.

"लावलात का?"

"लावलाय."

केसमावशीनं डोळे उघडले. बोळा खरंच बोटावर होता.

"मावशी, करंगळीला आजार नाही. तिला घट्टा पडलाय. बधिर होतात ती अंगठा, त्याच्या शेजारची ही दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू. त्यांची नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते आणि तिथे दबते. याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते, ती या भानगडीत नाहीच."

"म्हणजे करंगळीनं खोटी साक्ष दिली," नवरा म्हणाला.

"दिली मी," केसमावशी म्हणाली. "तिला कशाला नावं ठेवता?"

बाईंनी तिला दोन्ही पंजांच्या पाठी जुळवून मनगटं वाकवायला सांगितली. मिनिटाच्या आत मुंग्या सुरू झाल्या. मग विजेची तपासणी झाली. हाताला छोटे छोटे झटके देऊन नस किती वेगानं निरोप पोचवते ते मोजायचं. झटका बसला की बोट आपोआप उडायचं. केसमावशीला त्यात मजा वाटली. "माझ्या हुकमाशिवाय नाचतंय बघा!" निकाल आला तो मजेचा नव्हता. नस बरीच दबली होती. बाईंनी तिचे दोन्ही पंजे शेजारी ठेवून दाखवले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा डाव्यापेक्षा बसका झाला होता.

"आता उपाय सांगते," बाई म्हणाल्या. "मनगटाचा पट्टा, पण रात्री. दिवसा बांधून काम केलंत तर हात उलट जास्त जोर लावतो. दुसरं, बोगद्यात इंजेक्शन. सूज उतरते, कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने आराम पडतो, पण पुष्कळदा दुखणं परत येतं. तिसरं, ऑपरेशन. बोगद्याचं छत एका पट्टीचं असतं, ती पट्टी कापून नस मोकळी करायची. हात तेवढा बधिर करतो, त्याच दिवशी घरी. टाके दोनेक आठवड्यांनी निघतात. पकड काही महिने कमी राहते आणि तळहाताला जखमेपाशी दुखतं. तुमचा स्नायू झिजायला लागलाय, म्हणून माझा कल ऑपरेशनकडे आहे. गेलेली जाण सगळी परत येईलच, असं मात्र मी सांगणार नाही. जितका उशीर, तितकी कमी."

"मग मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवायचं."

इथेच केसमावशीची पंचाईत झाली. साऱ्या जन्मात तिला कुणी ठरवायला सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणायचा, खांद्यापर्यंत, करडे, थोडे विस्कटलेले. ती तसे करायची. आणि आता जिच्याकडे सगळी विद्या, तीच बाई विचारत होती, तुम्हाला काय हवंय?

घरी आल्यावर जो शेवटचा बोलेल त्याचं तिला पटू लागलं. जाऊबाई म्हणाल्या, "ऑपरेशन? छे, कोमट तेल लावून चोळ." तिला पटलं. नवऱ्याचा मित्र, एक सुतार, म्हणाला, "मी इंजेक्शन घेतलं आणि तिसऱ्या दिवशी रंधा मारायला लागलो." तिला तेही पटलं. "आता कसं आहे?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "आता परत तसंच आहे," आणि ती पुन्हा गोंधळली. जाऊबाईंच्या एका मैत्रिणीनं ऑपरेशन केलं होतं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "फार छान झालं, फक्त बरणीचं झाकण उघडत नाही." हे चांगलं की वाईट, यावर नवरा-बायकोत जेवणभर वाद झाला.

"झाकण मी उघडीन," नवरा म्हणाला.

"आणि विग कोण विणणार? तुम्ही?"

"मी पडदा ओढत होतो. दोरी आणि केस यांत फरक आहे एवढं मला कळतं."

तोवर पट्टा रात्री बांधायला तिनं सुरुवात केली होती. मुंग्या कमी झाल्या, झोप लागायला लागली. त्यामुळे तर डोकं आणखीच फिरलं. झोप लागते म्हणजे बरं आहे. गाठ कळत नाही म्हणजे बरं नाही. हात एकच, आणि तो बरा आणि बिघडलेला दोन्ही. ती दिवसभर रिकामी बसून अंगठ्यानं पहिल्या बोटाचं टोक घासत राहायची, जणू आत कुणी आहे का म्हणून दार वाजवत होती.

एका दुपारी नायिका आणि काका घरी आले. काकांनी आल्या आल्या पाणी कोणाला हवंय विचारलं, तेही दुसऱ्याच्या घरात. नायिका मावशीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला.

"मावशी, काळजी करू नका हं. तो प्रवेश बदलून टाकलाय. आता काका माझे केस धरतच नाहीत. हात धरतात."

"खांदा," काका म्हणाले.

"हात की खांदा ते अजून ठरतंय. पण तुम्ही अगदी निवांत राहा. विग आहे तो चालेल, मागे पिना मारून घेतल्यात."

"बाहेरून आणलेला दुसराही आहे," काका म्हणाले आणि नायिकेनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा पाणी आणायला गेले.

केसमावशी हसली. तुमचे उपकार झाले म्हणाली, दारापर्यंत पोचवायला गेली. दोघं गेल्यावर दार लावून तशीच उभी राहिली.

"काय गं?" नवऱ्यानं विचारलं.

"खुर्चीचा पाय मोडला की देखाव्यात ती भिंतीला लावून ठेवतात. आणि नटाला सांगतात, तिच्यावर बसू नकोस. पाहिलंय ना तुम्ही?"

"सांभाळून घेतात लोक. प्रेमानं आले होते."

"प्रेमानंच आले होते. म्हणून तर रागवताही येत नाही." तिनं डोळे पुसले. "माझ्या बोटासाठी नाटक बदललं हो त्यांनी. डॉक्टरीणबाईंना फोन लावा. ऑपरेशन करायचंय."

"नक्की?"

"नक्की नाही. पण करायचंय."

ऑपरेशनच्या दिवशी आणखीच घोटाळा. आत घेताना नर्सनं विचारलं, "कोणता हात?" तिनं उजवा दाखवला. थोड्या वेळानं दुसरीनं विचारलं, "मावशी, कोणता हात?" तिनं उजवा दाखवला. सुई देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणता?" आता ती मनातून हादरली. करंगळीच्या बाबतीत आपण एकदा चुकलो होतो, तसंच तर काही नाही? चौथ्यांदा डॉक्टरीणबाईंनी स्वतः विचारलं, तेव्हा तिनं दोन्ही हात पुढे करून नीट पाहिले.

"बाई, खरं सांगा, तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. पण चूक होऊ नये म्हणून सगळे विचारतात."

"एवढं विचारलंत तर माणूस चुकेल!"

बाई हसल्या आणि उजव्या मनगटावर शाईनं बाण काढला. मध्ये हिरवं कापड लावलं. पलीकडे तिच्याच हातावर काम चाललं होतं आणि ती अलीकडे, काय चाललंय ते न बघता. जन्मभर विंगेत राहिलेल्या बाईला याचं नवल नव्हतं. थोड्याच वेळात आवाज आला, "झालं." बाहेर नवरा म्हणाला, "एवढ्यात? आमच्याकडे तिसरी घंटा व्हायला याहून जास्त वेळ लागतो."

पहिल्या रात्री ती पट्ट्याशिवाय सकाळपर्यंत झोपली. टाके निघाले. ओला टॉवेल पिळता येईना, तो नवरा पिळायचा आणि अर्धं पाणी स्वतःच्या पायांवर घ्यायचा. तळहात टेबलावर टेकला की कळ यायची. आणि बोटांवर लोकरीचा मोजा चढवल्यासारखं वाटायचं ते तसंच.

"हे चुकलं का हो?" तिनं तपासणीला गेल्यावर विचारलं.

"नाही. झोप आधी परत येते, मग मुंग्या जातात. बोटांची जाण सगळ्यात शेवटी, हळूहळू. किती येईल ते आज मला सांगता येत नाही."

"तुम्हाला कधी सांगता येईल?"

"माझ्याआधी तुम्हालाच कळेल."

पुन्हा तेच. केसमावशीनं कपाळावर हात मारून घेतला, डावा.

बाईंनी बारीक कामाला परवानगी दिली, तेव्हा ती जिन्याखालच्या खोलीत गेली. फळीवरची धूळ पुसली, एक रिकामं लाकडी डोकं मांडीशी घेतलं, जाळी ताणली. आकडी दोनदा हातातून निसटली. तिसऱ्या खेपेला केस आत गेला. गाठ मारली, टोक करंगळीला गुंडाळलं, ओढलं. पहिलं बोट फिरवलं. बोट म्हणालं, "बसली."

ती थांबली. याच बोटानं तिला फसवलं होतं. तिनं शेजारचं, मधलं बोट गाठीवर टेकवलं. ते म्हणालं, "नाही."

केसमावशी दोन्ही बोटांकडे पाहत राहिली. डॉक्टर दोन, जाऊबाई, सुतार, झाकणवाली मैत्रीण, एवढे सल्ले ऐकून झाले, आणि आता तिच्या स्वतःच्या हातावर दोन मतं. तिनं भिंग आणलं. गाठ सैल होती. तिनं पुन्हा ओढली. पहिलं बोट म्हणालं, "बसली." मधलं बोट, थोडं थांबून, मोज्यातून बोलावं तसं, म्हणालं, "हं." भिंगात पाहिलं. बसली होती.

दुसरा केस, तिसरा केस. पहिलं बोट दरवेळी हो म्हणायचं. मधलं कधी हो, कधी नाही, आणि एकदा त्यालाही काही कळलं नाही, तेव्हा तिनं तो केस सरळ काढून टाकला. पूर्वी जेवढ्या वेळात कपाळाची एक बाजू व्हायची, तेवढ्यात नखाएवढी जागा भरली.

दुपारी नायिका चौकटीखालून वाकून आत आली. "मावशी! आलात? काय म्हणतोय हात?"

"भांडतोय," केसमावशी मान वर न करता म्हणाली. "काकांना सांग, अजून खांदाच धरा. आणि दार पुढे कर गं, केस उडतात."

मग तिनं मधलं बोट पुन्हा गाठीवर ठेवलं आणि ते काय म्हणतं याची वाट बघत राहिली.